लग्नाचा केक पहिल्या वाढदिवसापर्यंत : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या लग्नसराईत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची निघाली. लग्नाच्या स्वागतसमारंभात कापलेल्या केकचा वरचा थर जपून ठेवायचा आणि लग्नाच्या पहिल्या वाढदिवशी तो नवराबायकोने मिळून खायचा, ही पद्धत आता नाशिकच्या घरांतही आली आहे. तिच्यामागची हौस मला समजते. मात्र तिच्याबरोबर जे ज्ञान यायला हवे होते ते आलेले नाही, म्हणून या वेळचे सारे सदर त्या चार पत्रांना दिले आहे.

प्रश्न : फेब्रुवारीत गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवर माझे लग्न झाले. संध्याकाळी तीन थरांचा अननसाचा फ्रेश क्रीम केक कापला. वरचा थर अख्खा राहिला होता, तो दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यासकट फ्रीजरमध्ये ठेवला. सासूबाई म्हणतात, वर्षभराचे शिळे कशाला खायचे? आता तीन महिने झाले आहेत. हा केक पुढच्या फेब्रुवारीपर्यंत टिकेल का?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : आपल्याला वाईट वाटेल हे ठाऊक असूनही स्पष्ट लिहिते : हा केक वाढदिवसाला खाऊ नये आणि आजही खाऊ नये. फ्रीजरमधल्या तीन महिन्यांनी त्याचे जेवढे बिघडवले नसेल, तेवढे लग्नाच्या रात्रीने बिघडवले आहे.

स्वागतसमारंभ कसे चालतात ते आपण पाहतोच. केक सात वाजता व्यासपीठावर येतो, पाहुण्यांची रांग आणि छायाचित्रे आटोपेपर्यंत दहा-अकरा वाजतात, तोवर दिव्यांच्या प्रखर उजेडात क्रीम मऊ पडत जाते, आजूबाजूला हौशी मंडळी फेसाचा फवारा उडवत असतात आणि त्यातला काही भाग केकवर पडतोच. नंतर घाईघाईत कोणीतरी तो खोक्यात भरतो. आपल्या पत्रावरून तो रात्रभर बाहेरच राहिलेला दिसतो. दूध, मलई किंवा क्रीम असलेला पदार्थ साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त राहिला तर तो जपून ठेवण्याजोगा उरत नाही. माणसाच्या नाकात आणि त्वचेवर राहणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू हाताळलेल्या क्रीममध्ये सहज पोहोचतो, उबेत वाढतो आणि वाढताना विष तयार करतो. फ्रीजरच्या थंडीत जंतूंची वाढ थांबते, पण ते सगळे मरत नाहीत. आणि एकदा तयार झालेले हे विष तर गोठवल्यानेही जात नाही आणि तापवल्यानेही जात नाही. रंग, वास, चव यांवरून ते ओळखताही येत नाही. म्हणून ‘चाखून बघू’ हा मार्ग इथे उपयोगाचा नाही.

याखेरीज पुठ्ठ्याच्या खोक्याचा प्रश्न आहेच. त्यातून हवा खेळत राहते. फ्रीजरमधली हवा अतिशय कोरडी असते आणि तिथला बर्फ न वितळताच थेट वाफ होऊन उडून जातो. ट्रेमध्ये विसरून राहिलेले बर्फाचे खडे दोन-तीन महिन्यांनी लहान झालेले दिसतात ते यामुळेच. केकमधले पाणीही असेच निघून जाते आणि स्पंज भुसभुशीत, कोरडा, बेचव होतो. अननसाच्या फोडींची गत उलट होते : गोठताना त्यांच्या पेशी फाटतात आणि केक बाहेर काढला की त्यांतले पाणी सुटून खालचा स्पंज लगदा होतो.

सासूबाईंचे म्हणणे मी जुन्या वळणाचे म्हणून बाजूला सारणार नाही, कारण ज्या स्वयंपाकघरात त्या वावरल्या तिथे काय टिकते आणि काय टिकत नाही याचा हिशेब पक्का होता. मुरांबा वर्षभर राहतो, श्रीखंड राहत नाही. कैरीचे लोणचे पुढच्या कैरीपर्यंत चालते, कैरीचे पन्हे चालत नाही. फरक पाण्याचा आहे. साखर किंवा मीठ पाण्याला असे धरून ठेवतात की जंतूंना ते वापरता येत नाही; पापड-कुरडयांतून तर ते पाणी आपण उन्हातच घालवून टाकतो. अन्नशास्त्रात या वापरता येण्याजोग्या पाण्याला जलक्रियाशीलता म्हणतात. शुद्ध पाण्याची ती १ धरली, तर सुमारे ०.८५ च्या खाली रोगजंतू वाढू शकत नाहीत. मुरांबा त्या रेषेच्या खाली असतो आणि ताजे क्रीम तिच्या बरेच वर.

ही पद्धत जिथून आली तिथला केक मुरांब्याच्या जातीचा होता. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात लग्नाचा केक म्हणजे मनुका, बेदाणे, संत्र्याची साखरेत मुरवलेली साल आणि ब्रँडी घातलेला, हातात जड लागणारा फळांचा केक असे. त्यावर मार्झिपानचा, म्हणजे बदाम आणि साखर वाटून केलेल्या लगद्याचा थर, आणि त्यावर अंड्याचा पांढरा बलक व पिठीसाखर घोटून केलेले, वाळल्यावर कडक होणारे आवरण. १८४० साली व्हिक्टोरिया राणीच्या लग्नात असा सुमारे ३०० पौंडांचा केक होता आणि त्याचे काही तुकडे आजही जतन केलेले आहेत. असा केक डब्यात महिनोन्‌महिने राही आणि त्याचा वरचा थर पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी राखून ठेवत. लग्नानंतर पाळणा हलायला पूर्वी फार वेळ लागत नसे. पुढे बाळाचा आणि लग्नाच्या केकचा संबंध सुटला, वर्षाचा वाढदिवस तेवढा उरला; केकही हलका, स्पंजचा, क्रीमचा झाला. पद्धत मागे राहिली आणि ती ज्या केकवर उभी होती तो केकच बदलला. आपला अननसाचा केक श्रीखंडाच्या जातीचा आहे, त्याच्याकडून मुरांब्याची अपेक्षा करता येणार नाही.

आपण केक टाकून द्या, पण त्यावरची नावांची पाटी किंवा जोडप्याची बाहुली असेल तर ती धुऊन, पुसून ठेवा. पुढच्या फेब्रुवारीत त्याच बेकरीतून त्याच चवीचा अर्धा किलोचा ताजा केक आणून त्यावर ती लावा. सासूबाईही तो आनंदाने खातील.

प्रश्न : माझ्या मुलीचे लग्न येत्या मार्गशीर्षात आहे. तिला आणि होणाऱ्या जावयांना केकचा एक भाग वर्षभर ठेवायचाच आहे. आमच्या घरी अंडे चालत नाही आणि केकमध्ये दारूही नको. कोणता केक सांगावा आणि तो कसा ठेवावा?
— एक आई, पंचवटी

उत्तर : ताई, आपण आधी विचारलेत याचे मला फार समाधान वाटले, कारण या कामात निम्मे यश केकची ऑर्डर देतानाच ठरते.

पहिली गोष्ट अशी की व्यासपीठावर कापला जाणारा केक आणि ठेवायचा केक हे वेगळे असू द्यावेत. दोन्ही एकाच दिवशी, एकाच हातचे करून घ्या. मात्र ठेवायचा केक बेकरीतून थेट घरी आणून त्याच दिवशी फ्रीजरमध्ये जाऊ द्या. म्हणजे व्यासपीठ, दिवे, फवारे, गर्दी यांच्याशी त्याचा संबंधच येणार नाही. अर्धा किलो पुरे. दोन्ही घरच्या मंडळींना वर्षाने एकेक तुकडा मिळतो आणि लहान केक लवकर व सारखा गोठतो, हा त्याचा आणखी एक फायदा.

केक फळांचाच सांगावा. नाशिककरांना मनुका-बेदाणे कुठे मिळतील हे सांगायला नको. त्यांबरोबर खजूर, अंजीर, संत्र्याची मुरवलेली साल आणि थोडे काजू-बदाम घालता येतात. अंड्याऐवजी दही किंवा कंडेन्स्ड मिल्क वापरून हा केक चांगला होतो. शरणपूरच्या परिसरातल्या ज्या घरांतून नाताळात असे केक होतात, तिथे कोणाशी आपली ओळख असेल तर त्यांच्याकडूनच करून घ्यावा, असे मी सुचवेन. अनेक वर्षे दरवर्षी तेच करणाऱ्या हाताला फळे किती चिरायची आणि केक किती मंद आचेवर भाजायचा हे कळलेले असते.

दारू नको असेल तर सुका मेवा संत्र्याच्या रसात मंद आचेवर शिजवून, रस पूर्ण जिरेपर्यंत ठेवावा. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. रम किंवा ब्रँडी चवीबरोबर टिकाऊपणाही देते. इंग्रजी पद्धतीत भाजलेल्या केकवर काही दिवसांच्या अंतराने ती चमच्याने घालत राहतात, ते बुरशी दूर ठेवण्यासाठीही असते. तिच्या जागी संत्र्याचा रस घालत राहिलो तर उलटाच परिणाम होईल, कारण रस म्हणजे पुन्हा पाणी. म्हणून दारूविरहित केक भाजल्यानंतर त्यावर काही घालू नये, आणि तो डब्यात भरून कपाटात वर्षभर ठेवण्याचा विचारही करू नये. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळीसच्या घरात जातो, तिथे इंग्लंडच्या थंड कोठीचे नियम लागू होत नाहीत. त्याची जागा फ्रीजरमध्येच आहे.

वरून आवरण हवे असेल तर काजूचे मार्झिपान उत्तम. ते गोठते चांगले आणि पाणी सोडत नाही. फाँडंट, म्हणजे लाटून केकवर पसरतात ते साखरेचे आवरण, शक्यतो टाळावा, कारण बाहेर काढल्यावर हवेतला दमटपणा त्यावर दव होऊन बसतो आणि साखर चिकट होऊन रंग ओघळतो. मुलांना फळांचा केक आवडतच नसेल, तर साधा चॉकलेट केक बटरक्रीम लावून ठेवता येईल. मात्र त्याची खरी चव दोन-तीन महिने राहते, वर्षाने तो खाण्याजोगा असला तरी उतरलेला असेल, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे. बिनअंड्याचा स्पंज गोठून सुटल्यावर जास्त चुरतो, असा माझा अनुभव आहे. ताजी फळे, कस्टर्ड, जेली यांचे थर मात्र अजिबात नकोत.

आता बांधण्याविषयी. खरी फुले, काड्या, प्लास्टिकचे आधार असे जे काही टोचलेले असेल ते काढून घ्यावे. केक उघडाच ताटलीवर ठेवून दोन तास फ्रीजरमध्ये ठेवावा, म्हणजे आवरण कडक होते आणि गुंडाळताना चिकटत नाही. मग क्लिंग फिल्मचे तीन वेढे द्यावेत आणि प्रत्येक वेढा हाताने दाबून आतली हवा काढावी. त्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे दोन वेढे. आणि हे सारे घट्ट झाकणाच्या डब्यात. डबा केकच्या मापाचा असावा, मोठ्या डब्यात मोकळी हवा राहते. डब्यावर तारीख लिहावी. वर्तमानपत्राचा कागद कुठल्याही थरात वापरू नये, छपाईची शाई अन्नाला लागते.

इतके वेढे कशाला, असे वाटेल. माझ्या भाचीच्या लग्नाचा केक आम्ही एकाच फॉइलमध्ये गुंडाळून ठेवला होता. वर्षाने उघडला तेव्हा त्याला लसणाच्या ठेच्याचा वास येत होता. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले आणि तो प्रसंग मी विसरू शकलेले नाही. लोणी आणि स्निग्ध पदार्थ आजूबाजूचा वास शोषून घेतात, आणि आपल्या फ्रीजरमध्ये आले-लसणाची पेस्ट, कोथिंबीर, कोणाकडे मासळी, असे काही ना काही असतेच.

फ्रीजरविषयी दोन शब्द. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा छोटा कप्पा वर्षभराच्या साठवणीसाठी पुरेसा थंड नसतो. हवे आहे ते उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमान. काही फ्रीजरच्या दारावर तारे छापलेले असतात : एक तारा म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. फ्रिजच्या बाहेर चिकटवलेल्या विजेच्या बचतीच्या ताऱ्यांशी यांचा काही संबंध नाही. पाच ताऱ्यांचा फ्रिज आहे म्हणून केक टिकेल, असा समज मी अनेकदा ऐकला आहे. बर्फ न साचणाऱ्या, म्हणजे फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये साचलेला बर्फ वितळवण्यासाठी आतला भाग ठरावीक वेळाने थोडा तापतो. त्या चढउताराने बर्फाचे कण मोठे होतात, म्हणून डबा मागच्या भिंतीलगत, खालच्या बाजूला, इतर गोठलेल्या वस्तूंच्या मध्ये ठेवावा. मार्गशीर्षात ठेवलेला केक जानेवारीत मटार सोलून भरताना आणि मेमध्ये आमरसाचे डबे ठेवताना बाहेर ओट्यावर काढून ठेवला जातो, मग तासाभराने आठवण होते. बहुतेक घरांत केक बिघडतो तो त्या तासात. घरात सर्वांना तसे सांगून ठेवा.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी डबा फ्रीजरमधून काढून, वेढे न सोडता, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात २४ तास ठेवावा. दव पडायचे ते बाहेरच्या वेढ्यावर पडते आणि केक कोरडा राहतो. खाण्यापूर्वी दोन तास बाहेर काढून, मग वेढे सोडावेत. मायक्रोवेव्हमध्ये घालू नये; कडेचा केक शिजतो आणि मधला गोठलेलाच राहतो. उरलेला केक परत गोठवू नये, आणि साधा स्पंज असेल तर फ्रिजमध्येही दिवसेंदिवस ठेवू नये : स्टार्च पुन्हा घट्ट होऊन केक शिळा पडण्याची क्रिया फ्रिजच्या तापमानालाच सर्वांत वेगाने होते. केकवर बुरशीचा ठिपका किंवा आंबट वास आढळला, तर दिवस कोणताही असो, तो खाऊ नये. मुलीला दिवस गेलेले असतील तर जुना क्रीमचा केक तिला देऊच नये. लिस्टेरिया नावाचा जंतू गोठवूनही तगतो, फ्रिजच्या थंडीतही सावकाश वाढतो आणि गर्भाला घातक ठरतो.

प्रश्न : वळवाच्या वादळात आमच्याकडे वीस तास वीज नव्हती. फ्रीजरमध्ये गनाश (चॉकलेट आणि क्रीमचे आवरण) लावलेला चॉकलेटचा लग्नाचा केक नीट गुंडाळून ठेवला होता. वीज आल्यावर पाहिला तर बोटाला मऊ लागला. आता तो पुन्हा कडक झाला आहे. चालेल का?
— एक वाचक, ओझर

उत्तर : चालणार नाही. गनाशमध्ये क्रीम असते, आणि तो मऊ होऊन किती वेळ गेला हे आता कोणालाच सांगता येणार नाही. हाताला लागेल असे बर्फाचे कण त्यात शिल्लक असते, किंवा तो फ्रिजमधल्या दह्याइतका गार असता, तर पुन्हा गोठवलेला चालला असता. चव थोडी उतरली असती एवढेच.

पुढच्या वेळेसाठी : वीज गेली की फ्रीजरचे दार उघडूच नये. काठोकाठ भरलेला, वेगळा डीप फ्रीजर बंद राहिला तर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास थंडी धरतो. फ्रिजच्या वरचा कप्पा त्याहून कमी. रिकाम्या जागी पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या तर हा वेळ वाढतो. घराबाहेर असताना वीज गेली होती का हे कळण्यासाठी एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचे नाणे ठेवावे. गावाहून परतल्यावर नाणे बर्फात खाली गेलेले दिसले, तर मधल्या काळात बर्फ वितळून पुन्हा गोठला आहे असे समजावे आणि केक खाऊ नये.

प्रश्न : मी घरून केक करून देते. हल्ली लग्नाची ऑर्डर देणारे विचारतात की वरचा थर वर्षभर टिकेल याची हमी द्याल का. काय उत्तर द्यावे?
— एक गृहउद्योजिका, नाशिकरोड

उत्तर : हमी देऊ नये. केक आपल्या हातून गेल्यावर तो कुठे, किती वेळ आणि कशा फ्रीजरमध्ये राहतो यावर आपला ताबा नसतो. मात्र माहिती पूर्ण द्यावी, आणि ती लिहून द्यावी. आपण वापरता ते क्रीम दुधाचे की वनस्पती स्निग्धाचे, हे ग्राहकाला बहुधा माहीतच नसते, कारण बाजारात दोन्हींना फ्रेश क्रीमच म्हणतात. वनस्पती स्निग्धाचे व्हिपिंग क्रीम खोक्यात गोठलेलेच येते आणि आपण ते सोडवून फेटता, म्हणजे केकवर ते दुसऱ्यांदा गोठणार असते. सुटताना त्याला तडे जातात आणि पाणी सुटते. दुधाच्या मलईचे तर त्याहून लवकर बिघडते.

उंच केकमधले काही थर थर्माकोलचे असतात, हेही मोकळेपणाने सांगा. वरचा थर नकली आहे हे वर्षाने फॉइल सोडल्यावर कळलेली एक मुलगी माझ्या परिचयात आहे. नकली थरावरचे आयसिंग खाण्यासाठी केलेले नसते, ते दिवसेंदिवस उघड्यावर राहिलेले असू शकते. ठेवायचा थर कोणता, हे ऑर्डर घेतानाच ठरवून तो स्वतंत्र, बंद डब्यात, गुंडाळून द्या आणि त्याचे वेगळे पैसे घ्या. त्या कामाला वेळ लागतो आणि तो फुकट देण्याचे कारण नाही.

याहून चांगला एक मार्ग सुचवते. काही देशांत बेकरीवाले लग्नाच्या ऑर्डरबरोबर वर्षाने त्याच चवीचा छोटा ताजा केक देण्याचे कबूल करतात. आपणही तसे करू शकता. अर्ध्या किलोची किंमत मूळ ऑर्डरमध्येच धरा. एका वहीत जोडप्याची नावे, लग्नाची तारीख, स्पंज, क्रीम, भरण, रंगाच्या बाटलीचे नाव आणि किती थेंब घातले, हे सारे त्याच दिवशी टिपून ठेवा आणि केकचा एक फोटो तिथेच चिकटवा, कारण वर्षाने तो गुलाबी नेमका कोणता होता हे कोणालाच आठवत नाही. वाढदिवसाच्या आठ दिवस आधी आपणच फोन करून केक कधी आणि कुठे पोहोचवायचा ते विचारा.